आणखी एक वर्ष : अंगणातील मातीचा पाठ

वाचन : मार्क ४:१–९, लूक १३:६–९

पेरणाऱ्याचा दाखला शिकविताना आपण शब्बाथशाळेत फळ्यावर चार चौकोन काढतो : वाट, खडक, काटे, चांगली जमीन. मुले ते पाठ करतात आणि घरी जातात. आम्हीही वर्षानुवर्षे असेच शिकविले. जमीन जशी मिळाली तशीच कायम राहते, असा समज त्यातून आम्ही मुलांचा करून दिला. ही चूक आमच्या ध्यानात आणून दिली ती एका लिंबाच्या झाडाने.

वडोदऱ्यातील सुभानपुऱ्यात आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. रविवारी दुपारी मुले तेथेच जमतात. कोपऱ्यात वडिलांनी लावलेले लिंबाचे झाड आहे. सलग तीन वर्षे त्याला फळ धरले नाही. नवी पालवी पिवळी पडे, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. आम्ही युरिया घातला, पुन्हा घातला, पिवळेपणा हटेना. शेवटी झाड तोडावे, काळी माती खणून फेकावी आणि ट्रकभर लाल माती आणावी, असे घरात ठरत आले. आई मात्र तयार नव्हती.

तिच्यासाठी म्हणून का होईना, आम्ही आधी माती तपासायला बसलो. मुलांनी काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घेतली, वर पाणी व चिमूटभर साबणाची भुकटी घालून खूप हलविले. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमातीला एक-दोन दिवस. पुढच्या रविवारी पाहतो तो वाळू नखाएवढी आणि निम्म्याहून अधिक थर चिकणमातीचा! मग सुक्या ढेकळावर व्हिनेगर टाकले. फसफस फेस आला. म्हणजे मातीत चुनखडी भरपूर. काही या काळ्या मातीचीच, आणि काही घर बांधताना पुरलेल्या गिलाव्याच्या राबिटाची.

येथे आमचे अज्ञान उघडे पडले. काळी म्हणजे कसदार, असे आपण धरून चालतो; पण आपल्याकडील काळ्या मातीत सेंद्रिय अंश पुष्कळदा अगदी कमी असतो. तिचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. पाण्याने ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. चुनखडीच्या मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. सतत ओल राहिली तर अधिकच. आम्ही तर रोज नळी सोडीत होतो! जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची उणीव समजावी, नवी पाने पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची. आमचा युरिया भलत्याच रोगाचे औषध होते.

वाळू मिसळा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. चिकणमातीत दोन-चार घमेली वाळू घालून काही साधत नाही, उलट विटेसारखी घट्ट होते. तिला मोकळी करते ती कुजलेली पालापाचोळ्याची व शेणाची भर. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी हेच काम केले. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून, तीन वेळा उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची ‘इंदूर पद्धत’ १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तकरूपाने निघाली. हॉवर्डांचे नाव सर्वांना ठाऊक; वाडांचे मराठी घरांतही फारसे कोणी घेत नाही.

आम्ही एक ढीग रचला. पण उत्साहाच्या भरात पहिल्याच पावसानंतर ओल्या मातीत मुलांसह उतरलो. तुडवलेली माती आठवड्यात दगड झाली. वापसा येईपर्यंत थांबावे, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही, आम्हांला लागले. मूठभर माती दाबावी. गोळा बोटाने फुटला तर खणावे, चिकटला तर घरी जावे.

वापसा आल्यावर राबिट वेचले. लिंबाची मुळे वरवर पसरतात म्हणून खोल न खणता, खोड सोडून फांद्यांच्या घेराखाली खुरप्याने माती हलविली, दोन बोटे खत घातले, वर वाळका पाला पसरला. पाणी आठवड्यातून एकदाच. संध्याकाळी पालवीवर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून फवारले. फवाऱ्याने पान सुधारते, माती नव्हे. तिला खत दर वर्षी लागणार.

लूकमधील माळ्याने दुसरी जमीन मागितली नव्हती. त्याने एक वर्ष मागितले, आणि भोवती खणून खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतले. वर्गातील एखाद्या मुलाला ‘खडकाळ’ म्हणून आपण बाजूला ठेवतो, त्यापूर्वी हे चार श्लोक शिक्षकांनी स्वतःसाठी वाचावेत. यंदा चार चौकोन काढल्यावर आम्ही मुलांना घमेली दिली.

आमचे वर्ष येत्या जूनला पुरे होईल. पालवी हिरवी आहे. फुले बरीच गळली. लिंबे पाच धरली आहेत. आई रोज सकाळी ती मोजते.