जमीन हलते तेव्हा कासव काय करतं?



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८

थोडक्यात अर्थ: कासव जसं आपले अवयव सगळ्या बाजूंनी आत ओढून घेतं, तसा जो माणूस आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली असं समजावं.

मित्रांनो, 'स्थिर बुद्धी' हा शब्द आपण सहज वापरतो. ऑफिसात बॉस ओरडला, ट्रेन चुकली, रिझल्ट वाईट लागला, तरी शांत राहायचं, एवढाच अर्थ आपण घेतो. पण पायाखालची जमीनच हलायला लागली तर? तेव्हा स्थिर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आज यासाठी बालीला जाऊया. तिथे आपल्यातले बरेच जण फिरायला जातात आणि तिथल्या देवळांतही कासव आहे.

बालीतल्या मोठ्या देवळांत 'पद्मासन' नावाचं उंच दगडी आसन असतं. वरची बैठक रिकामी, कारण ती निराकार परमेश्वराची. आणि पायथ्याशी असतं एक कासव, बेदावांग नाला. त्याला दोन नागांचा विळखा असतो, अनंतबोग आणि बासुकी. नावं ओळखीची वाटली ना? आपलेच अनंत आणि वासुकी. तिथली श्रद्धा अशी की हे कासव हललं की धरणी हलते. भूकंप झाला की तिथली माणसं 'इदुप, इदुप!' असं ओरडतात. म्हणजे 'जिवंत आहोत, जिवंत आहोत!'

विज्ञान याचं कारण वेगळं सांगतं. बालीच्या दक्षिणेला समुद्राखाली ऑस्ट्रेलियाकडची भूपट्टी उत्तरेकडे सरकत बेटांखाली घुसतेय. त्या रेट्याने बेटांच्या उत्तरेलाही जमिनीखाली मोठी भेग तयार झालीय. ५ ऑगस्ट २०१८ च्या रविवारी संध्याकाळी, पावणेआठच्या सुमारास, तिथूनच ६.९ तीव्रतेचा धक्का बसला. शेजारच्या लोंबोक बेटावर घरंच्या घरं कोसळली. आठवडाभर आधी, २९ जुलैला, तिथे ६.४ चा धक्का बसून गेला होता आणि १९ ऑगस्टला पुन्हा ६.९ चा बसला. त्या महिन्यात ५०० हून जास्त माणसं गेली. लाखो लोक घराबाहेर तंबूत राहिले. बालीही त्या संध्याकाळी जोरात हादरली.

त्याच वेळी बालीतल्या देनपसारमध्ये एका मशिदीत रात्रीची नमाज सुरू होती. तिथला व्हिडिओ जगभर फिरला, तुम्हीही पाहिला असेल. सगळं हलतंय, मागचे काही जण बाहेर धावतात, काही जागेवरच थांबतात. इमाम डगमगतात, एक हात बाजूच्या भिंतीला टेकवतात आणि प्रार्थना चालू ठेवतात.

आता प्रश्न असा की यातला स्थितप्रज्ञ कोण? थांबलेले की धावलेले?

अर्जुनाने आदल्याच काही श्लोकांत हाच प्रश्न विचारलाय. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? त्याला बाहेरून दिसणाऱ्या खुणा हव्या होत्या. भगवंतांनी मात्र उत्तर आतलं दिलं: इच्छा, भय, क्रोध यांचं मनात काय होतं ते बघ. म्हणजे कोण पळालं आणि कोण थांबलं यावरून आपण कुणाची श्रद्धा मोजू शकत नाही. मुलाला कडेवर घेऊन धावणारी आई पूर्ण स्थिर असू शकते. आणि भीतीने गोठून जागेवर बसलेला माणूस आतून पार विस्कटलेला असू शकतो. त्या व्हिडिओत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भिंतीला टेकवलेला हात. आधार घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

आता कासवाकडे येऊ. भूकंपात इमारतीच्या आत असाल तर काय करायचं हे जगभर शिकवतात: ड्रॉप, कव्हर, होल्ड ऑन. गुडघ्यांवर खाली या, डोकं-मान झाकून मजबूत टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा. हे चित्र डोळ्यांसमोर आणा बरं. हातपाय आत, डोकं आत, पाठीवर कवच. हुबेहूब कासव!

पण कासवाला हे धोक्याच्या क्षणी शिकावं लागत नाही, आपल्याला मात्र आधी शिकून ठेवावं लागतं. हादरा काही सेकंदांचा असतो, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळत नाही. जे रोज केलंय तेच हातून होतं. मनाचंही तसंच आहे. रोजचा जप, रोजची पाच मिनिटं शांत बसणं, हा इंद्रियं आत घ्यायचा सराव आहे. संकट आल्यावर पहिल्यांदा करून बघू म्हटलं तर ते जमणार नाही.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर लिहिताना एक सुंदर गोष्ट जोडलीय. त्यांचं कासव प्रसन्न असलं की अवयव पसरतं आणि वाटलं की आपल्या इच्छेने आवरतं. म्हणजे ते कायम कवचात बसून राहत नाही. लोंबोकमध्ये हादरे थांबल्यावर ढिगाऱ्यातून माणसं काढणारे बरेचसे शेजारीच होते. आत घेतलेले हात नंतर दुसऱ्यासाठी बाहेर काढायचे असतात.

काही जण विचारतील, 'मग देव कुठे होता?' हा प्रश्न आपल्याला परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला किल्लारीत जमीन हलली, तेव्हा गावं गणपती विसर्जन करून झोपली होती. हजारो माणसं गेली. त्यांची भक्ती कमी पडली, असं म्हणायची हिंमत कुणी करू नये. त्यांचा जीव घेतला तो जाड दगड-मातीच्या भिंतींनी आणि मातीच्या जड धाब्यांनी. लोंबोकमध्येही कच्च्या बांधणीची घरंच जास्त पडली. भूकंपाला देवाची शिक्षा म्हणणं सोपं आहे, पण त्याने ना गेलेल्यांना न्याय मिळतो, ना राहिलेल्यांना धीर. या 'का'चं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण घर नीट बांधणं आणि शेजाऱ्याच्या दाराशी धावून जाणं, हे आपल्या हातात आहे. तेही देवाचंच काम समजून करावं.

आजचा अभ्यास:

१. घरात किंवा ऑफिसात मजबूत टेबल कुठलं ते बघून ठेवा आणि एकदा खरंच त्याखाली बसून बघा. समुद्रकिनारी असताना जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला तर तो थांबताच उंच जागेकडे निघा. सुनामीच्या इशाऱ्याची वाट बघू नका.

२. पाच मिनिटं फोन दूर ठेवून नामस्मरण करा. डोळे, कान, जीभ एकेक करून आत घ्या.

३. आज काही बिनसलं तर स्टोरी टाकण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा, 'तू ठीक आहेस ना?'

पुढच्या वेळी देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला नमस्कार कराल, किंवा जेजुरीला ते पितळी पत्र्याने मढवलेलं भलंमोठं कासव बघाल, तेव्हा हा श्लोक आठवा.

प्रार्थना: हे विठुराया, जमीन हलेल तेव्हा मला भीती वाटेल, हे तुला ठाऊक आहे. त्या भीतीत तुझं नाव ओठांवर असू दे. आणि हादरा थांबला की माझे हात कुणाच्या तरी उपयोगी पडू देत.

राम कृष्ण हरी. उद्या भेटू, पुढच्या श्लोकासह.