मागे एक मजला की दोन?

प्रश्न : आमच्या विटांच्या जुन्या घरामागे जागा आहे. जमीन काळी. वाढीव भाग एकमजली बांधावा की दुमजली? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुमजलीत पाया आणि छप्पर दोन्ही मजल्यांत विभागले जातात, म्हणून चौरस फुटाचा दर उतरतो, पण जिनाच शंभरेक फूट खातो, हे कुणी सांगत नाही. खरा प्रश्न मातीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्या. नवी भिंत जुनीत गुंतवू नका, मध्ये सांधा ठेवा. नाहीतर तडा ठरलेला. वरच्या खोल्या आज नको असतील, तर पाया-कॉलम दोन मजल्यांचे करून एकच बांधा. कॉलमच्या वर मोकळ्या राहिलेल्या सळ्यांना सिमेंटचं पाणी लावा. परवानगीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा घ्या; गवंड्याच्या अंदाजावर दुसरा मजला चढवू नका.