घटनेत पक्ष कोठे आहे?

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो असता आबांनी विचारले, "काय रे, ती घटना कोणत्या पक्षानं केली?" आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. राज्यशास्त्र घेतलेल्या मुलास एवढे तरी यावे, ही त्यांची साधी अपेक्षा. मला धड उत्तर देता आले नाही. परत आल्यावर ग्रंथालयातून घटनेची प्रत घेतली आणि 'राजकीय पक्ष' हे शब्द शोधू लागलो.

१९५० च्या मूळ ३९५ कलमांत ते नाहीतच! पंतप्रधान बहुमतवाल्या पक्षाचा असावा, असेही कोठे लिहिलेले नाही. कलम ७५ एवढेच सांगते की, मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. या एका वाक्याचे बळ केवढे आहे पाहा. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने सरकार गेले. १९७७ साली काँग्रेस जाऊन जनता पक्ष सत्तेवर आला, तेव्हाही त्या सत्तांतरासाठी घटनेचे एक अक्षर बदलावे लागले नाही. निवडणुका घेण्याचे कामही कलम ३२४ ने मंत्र्यांकडे न देता स्वतंत्र आयोगाकडे दिले आहे.

आता आबांचा प्रश्न. घटना समितीत काँग्रेसचे मोठे बहुमत होते, हे खरे. परंतु मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर हे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते, आणि सभासदांत मुस्लिम लीगचे सादुल्लाही होते.

पक्ष घटनेत शिरला तो १९८५ साली, ५२ व्या दुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टातून. तोही मानाने नव्हे, तर पक्षांतर करणाऱ्यांना आवरण्यासाठी! पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर सभासदत्व जाऊ शकते, आणि त्याचा निर्णय सभापतींनी करावयाचा. सभापती स्वतः बहुधा कोणत्या तरी पक्षाच्या तिकिटावरच निवडून आलेले असतात. मूळ घटनेचा तोल येथे थोडा ढळला, असे मला वाटते. आमच्या सरांना हे पटत नाही. पक्षांतराचा बाजार आम्ही पाहिला आहे, तुम्ही नाही, असे ते म्हणतात.

पुढच्या सुटीत हे सारे आबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले व म्हणाले, "म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखंच की!" आमच्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते. पॅनेल कोणाचे, ते मात्र साऱ्या गावाला ठाऊक असते.