परिसर अभ्यास : गर्दीतील वाट आणि तात्पुरते दिशाफलक
(इयत्ता ४ थी – पाठ-टाचण)



भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांतील मुलांना डोंगरवाट ओळखावयास शिकवावे लागत नाही. ओढा, खिंड, आंब्याचे झाड या खुणा त्यांना तोंडपाठ असतात. परंतु हीच मुले पालखी वा गणेशविसर्जन पाहण्यासाठी पुण्यास गेली, की स्वारगेटला उतरताच त्या खुणा संपतात. नेहमीचे रस्ते त्या दिवशी बंद असतात आणि त्या दिवसापुरते लावलेले फलकच वाटाड्याचे काम करतात. ते वाचता येणे हा साक्षरतेचाच एक भाग होय.

उद्देश : दिशाफलक वाचणे, तो योग्य जागी उभा करणे आणि काम संपताच काढणे यांमागील कारणे मुलांस समजावीत.

साहित्य : पुठ्ठे, काळा रंग, मोजपट्टी, काठ्या.

प्रस्तावना : चेलाडी फाट्यावर फलक नसता, तर नवख्या माणसास नसरापूर-वेल्ह्याची वाट कशी सापडली असती, असे विचारावे. उत्तरे फळ्यावर लिहावीत.

विषय-विवेचन :

१. आकाराचा अर्थ. रस्त्यावरील चिन्हांत वर्तुळ बहुधा आज्ञा देते, त्रिकोण सावध करतो व आयत माहिती देतो. तात्पुरता फलक करतानाही ही रीत पाळावी.

२. जागा. ज्ञानेश्वर महाराज व तुकाराम महाराज यांच्या पालख्या ज्येष्ठ वद्यात पुण्यास मुक्कामी येतात. पुढे हडपसरला त्यांच्या वाटा फुटतात. एक उजवीकडे दिवे घाटातून सासवडला जाते, तर दुसरी सरळ लोणी काळभोरला. येथे नुसते 'पालखी मार्ग' लिहून भागत नाही. कोणती पालखी हेही लिहिले पाहिजे. फलक फाट्याच्या अलीकडे हवा, कारण पाठीमागून लोंढा येत असता माणसास परत फिरता येत नाही. फाटा ओलांडल्यावर तसाच दुसरा फलक असावा, म्हणजे वाट बरोबर असल्याची खात्री पटते. दोन्ही फलक माणसांच्या डोक्यांहून उंच हवेत.

३. बाण. उजवीकडे बाण काढलेला पुठ्ठा घ्यावा. पूर्वेकडे तोंड केलेल्या मुलास तो दक्षिण दाखवितो. आता पुठ्ठा फिरवून पश्चिमेकडे तोंड केलेल्या मुलासमोर धरावा. तोच बाण उत्तर दाखवील. वाऱ्याने फिरलेला फलक माणसांस कसा उलट्या वाटेस लावतो, हे मुलांच्या ध्यानी येईल.

४. अक्षर. एक फलक ५ सें.मी. व दुसरा १० सें.मी. उंच अक्षरांचा करावा. मुलांनी मागे सरत जावे व अक्षर लागेनासे झाले, की पावले मोजावीत. शब्द थोडे असल्यास अक्षर मोठे काढता येते, हेही सांगावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाणी, दवाखाना यांची चित्रे काढावीत.

५. महत्त्व. भोरशेजारच्या वाई तालुक्यात मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे दगावली. देवळाकडील चढाची वाट अरुंद होती आणि गर्दी अफाट. नुसत्या फलकाने असा अनर्थ टळतो असे नव्हे. त्यासाठी रुंद वाटा, कठडे व माणसे लागतात. परंतु जाण्याची वाट वेगळी व येण्याची वेगळी राखावयाची, तर ते लोकांस आधी कळावे लागते आणि ते काम फलक करतो. हा भाग मुलांस न घाबरविता सांगावा. आपल्या गावी कोणाच्या घरी हे दुःख आले असल्यास तेथे विशेष जपावे.

उपयोजन : शाळेच्या स्नेहसंमेलनास 'आत', 'बाहेर', 'पाणी' व 'हरवलेली मुले येथे' असे चार फलक मुलांकडूनच लावून घ्यावेत. कार्यक्रम संपताच ते त्यांनीच मोजून काढावेत. मागे राहिलेला फलक दुसऱ्या दिवशी खोटे बोलू लागतो.

स्वाध्याय : महाशिवरात्रीस बनेश्वरला किंवा आपल्या गावच्या जत्रेत गर्दी होते. तेथील वाटांचा नकाशा काढा आणि फलक कोठे व कोणत्या बाजूस तोंड करून लावाल ते दाखवा.

नकाशा तपासताना चित्राच्या सुबकतेस गुण देऊ नयेत. त्या नकाशावरून परगावचे म्हातारे माणूस विनासायास घरी परत पोचेल काय, एवढेच पाहावे.