जुव्याची खाडी

१. बेटावर जायचं तर घड्याळ नव्हे, पाणी पाहावं लागतं. जैतापूर खाडीतल्या जुवे बेटाकडे निघालो, तेव्हा ओहोटी होती. "पाणी चढू दे जरा," होडीवाले काका म्हणाले आणि जाळं सांधत बसले. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग, हे काठावरच्या पोरांनाही ठाऊक असतं. त्या थांबण्यातच मला खाडी दिसली. उघडा पडलेला चिखल, त्यात मुळे-शिंपल्या वेचणाऱ्या बायका, कांदळाच्या मुळांशी टपलेले बगळे. भरती आली तशी ती मुळं बुडाली आणि आमची होडी हलली.

२. लहान बेट लवकर पाहून होत नाही. जुव्याला चारी बाजूंनी खाडी, मोजकी घरं, माड. एकदा फिरून आलं, की उन्हं कललेली असतात, पाणी सरकलेलं असतं आणि मघाचा काठ वेगळाच झालेला असतो.

३. आपल्याला जे निवांत वाटतं, ते तिथल्या माणसांना रोज वाहावं लागतं. तांदूळ, सिमेंट, गॅसची टाकी, सगळं होडीतून. एक आजी म्हणाल्या, "रात्री कुणाचं दुखलंखुपलं, तर आधी होडी बघायची, मग डॉक्टर." त्यानंतर मला त्या पाण्याला नुसतं 'रम्य' म्हणवेना. पण त्याच आजी मुलांकडे मुंबईला राहायला तयार नाहीत. त्यांना कारण विचारलं नाही. अंगणातून भरतीचं पाणी समोर चकाकत होतं.

४. जुवे मला एकाकी वाटलं होतं, पण ते वाटेवरचं आहे, आणि वाटही केवढी! राजापूर बंदराला जाणारी मोठी गलबतं जैतापूरला थांबत, माल लहान होड्यांतून वर जाई. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरातली इंग्रजांची वखार लुटली, ती याच खाडीच्या व्यापारावर उभी होती. पुढे गाळ साचत गेला, वर्दळ आटली. नाटे गावातला यशवंतगड आता झाडामुळांनी वेढलेल्या तटांतून त्याच खाडीकडे पाहतो.

५. देखावा आणि पोट इथे वेगळं काढता येत नाही. संध्याकाळी साखरीनाटे बंदरात होड्या लागतात, मासळीच्या टोपल्या उतरतात, हाकाटी सुरू होते. पलीकडे माडबनला ६ अणुभट्ट्यांचा प्रकल्प ठरला आहे. त्यातून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याची धास्ती इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं मांडली. पूर्वी मी ती बातमी म्हणून वाचायचो. होडीतून कांदळाच्या सावलीत माशांची बारीक पिल्लं पाहिली आणि कळलं, की ही माणसं समुद्राच्या सौंदर्याबद्दल बोलत नव्हती, पुढच्या हंगामाबद्दल बोलत होती. मला दोन्ही हवं आहे, आणि आता ते निःसंकोच सांगतो.