आणीबाणीतील प्रशासकीय भाषा : सूचना आणि निदेश

३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे वीजग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा कोसळले, आणि या वेळी पूर्व व ईशान्य विभागही त्याच्यासोबत गेले. (त्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्रीही बदलले!) चौकशी समितीने नोंदवलेल्या कारणांपैकी एक आपल्या अभ्यासाचे आहे. ठरल्यापेक्षा जास्त वीज घेणाऱ्या राज्यांना ती कमी करण्यास प्रादेशिक भार प्रेषण केंद्राने सांगितले होते. राज्यांच्या केंद्रांचा प्रतिसाद अपुरा पडला. वास्तविक विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम २९ नुसार असे सांगणे पाळणे बंधनकारक आहे. कायद्याच्या मराठीत तो ‘निदेश’ होय. ‘सूचना’ या शब्दात मात्र सुचवणे आणि बजावणे दोन्ही मावतात, म्हणून आणीबाणीच्या पत्रात तो मला धोक्याचा वाटतो.

‘वीजवापर कमी करण्यात यावा’ हे वाक्य पाहा. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण कमी कोणी करायचा? किती? किती वाजेपर्यंत? कर्ता लोपला की जबाबदारीही लोपते.

स्वाध्याय : वरील वाक्य कर्ता, प्रमाण व वेळ घालून निदेशाच्या स्वरूपात पुन्हा लिहा.