रक्ताचा कर्करोग आणि एक हट्टी प्रथिन

प्रभादेवी स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडलात, तर चालत जाता येईल इतक्या अंतरावर परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. ल्युकेमिया पेशीत नेमका कोठे सुरू होतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. आज त्याच्या एका प्रकाराचे मूळ आपल्याला माहीत आहे. ते मूळ म्हणजे एक प्रथिन!

रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. पेशीने केव्हा विभागायचे व केव्हा थांबायचे, हा निरोप प्रथिने पोहोचवतात. त्यांतील काही प्रथिने एटीपी या रेणूकडून फॉस्फेटचा गट घेतात आणि तो दुसऱ्या प्रथिनाला चिकटवतात. विजेच्या दिव्याची कळ दाबावी, तसेच हे काम असते. ‘एबीएल’ हे असेच एक प्रथिन. निरोगी पेशीत ते गरजेपुरते चालू होते आणि बंद होते.

१९६० साली फिलाडेल्फिया शहरात नोवेल व हंगरफोर्ड या शास्त्रज्ञांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक फार आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट रौली यांनी त्याचा उलगडा केला. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झालेली असते! त्यामुळे ९ व्यावरील एबीएल जनुक २२ व्यावरील बीसीआर जनुकाला जोडले जाते. या जोडजनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची कळ चालूच राहते, आणि पेशी वाढतच जातात.

मग ही कळ बंद कशी करायची? एटीपी बसण्यासाठी या प्रथिनात एक खाच असते. इमॅटिनिब हे औषध नेमके त्या खाचेत जाऊन बसते. एटीपीला जागा उरत नाही आणि निरोप थांबतो. २००१ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

परंतु काही रुग्णांत औषध काही काळाने लागू पडेनासे होते. असे का व्हावे? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यातील ३१५ वा मणी थ्रिओनिनचा असतो व तो औषधाला धरून ठेवतो. काही पेशींत त्या जागी आयसोल्यूसिन येते. मग औषधाला धरायला कोणी नसते, उलट त्याची जागाही अडते. एटीपी मात्र पूर्वीप्रमाणेच बसते. औषध हा बदल घडवीत नाही. डीडीटीच्या फवारणीतून मुळातच चिवट असलेले डास वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते, तसेच येथे होते. ल्युकेमियाच्या काही पेशींत आणखी एक युक्ती आढळते. १९७६ साली सापडलेले पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन पंपासारखे काम करून आत आलेले औषध बाहेर फेकते.

अर्थात शास्त्रज्ञही थांबले नाहीत. बदललेल्या खाचेतही बसू शकणारे पोनॅटिनिब हे औषध २०१२ साली उपलब्ध झाले.

या गोळ्या रोज, बहुधा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. त्यांत खंड पडला, तर रोगाला पुन्हा डोके वर काढण्याची संधी मिळते. म्हणून किंमतही उपचाराचाच भाग ठरते. मूळ कंपनीचे इमॅटिनिब महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे, तर भारतीय कंपन्यांचे १०,००० रुपयांच्या आसपास. मूळ कंपनीच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले, आणि स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

आता तुमच्यासाठी एक काम. डीएनएच्या भाषेत ३१५ व्या मण्याचा संकेत ‘ए-सी-टी’ असतो. बिघडलेल्या पेशीत तो ‘ए-टी-टी’ होतो. शिक्षकांकडून जनुकीय संकेतांचा तक्ता मागून घ्या आणि या दोन्ही संकेतांची अमिनो आम्ले शोधा. एका अक्षराने किती फरक पडतो, हे तुम्हालाच दिसेल.